रिंगणातली गाडी आणि ती बांधणारे हात

मुलांनो,

पालखीच्या दिवसांत बेलवाडीचं गोल रिंगण पाहिलंत का कधी? आपल्या शेळगावच्या मुलांनी पाहिलं असेलच. मधे पताका, तुळशी घेतलेल्या माउल्या, टाळकरी. भोवती माणसांची भिंत. आणि त्या मोकळ्या ठेवलेल्या गोल वाटेवरून अश्व सुटले की लहानथोर सगळे टाचा उंच करतात!

पुढच्या आषाढीला एक गोष्ट मुद्दाम बघा. सरळ पळणारा घोडा ताठ असतो, पण वळणावर त्याचं अंग आतल्या बाजूला कलतं. त्याला हे कुणी शिकवलेलं नसतं. तुम्हीही सायकल जोरात वळवताना तसंच कलता, हो ना? न कलता वळायला गेलात तर काय होईल, ते ज्यांचे गुडघे फुटलेत त्यांनी सांगावं!

रिंगण ही काही शर्यत नव्हे, तो भक्तीचा खेळ. पण गोल वाटेवर पळणं म्हणजे काय, हे कळायला याहून चांगलं उदाहरण आपल्या मुलखात नाही. आज मी तुम्हाला अशाच गोल वाटेवर पळणाऱ्या मोटारगाड्यांची गोष्ट सांगणार आहे. खरं म्हणजे गाड्यांची कमी आणि त्या बांधणाऱ्या माणसांची जास्त. कारण शर्यत जिंकणाऱ्याचं नाव ढालीवर कोरतात, पण गाडी बांधणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसतं.

खळ्यावरचं गणित

आधी घरातल्या आजोबांना एक प्रश्न विचारा. "आजोबा, खळ्यावर पात धरायचे तेव्हा कुठला बैल आत आणि कुठला बाहेर ठेवायचे?"

आता मळणीयंत्रं आली, त्यामुळे तुमच्यातल्या पुष्कळांनी खळं पाहिलेलंच नाही. जमीन चोपून, सारवून गोल अंगण करायचे. मध्यभागी खांब, त्याला म्हणायचे तिवडा. कणसं पसरायची आणि तिवड्याला बांधलेली बैलांची रांग त्यावरून गोल गोल फिरवायची. आजोबा सांगतील, म्हातारा किंवा संथ बैल तिवड्याजवळ आणि चपळ बैल बाहेरच्या टोकाला.

का बरं? वही काढा. आतला बैल तिवड्यापासून १ मीटरवर आहे असं धरा. एका फेरीत तो किती चालेल? परीघाचं सूत्र आठवा. सुमारे सव्वासहा मीटर. बाहेरचा बैल ४ मीटरवर असला तर? पंचवीस मीटरांच्या वर! म्हणजे एकाच वेळात, एकाच दोरीला बांधलेला, पण चाल मात्र चौपट. आपल्या आजोबांनी हे गणित पाटीवर केलं नव्हतं, बैलांकडे बघून केलं होतं. हे गणित डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

जत्रेच्या मैदानात

आता जाऊ या सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेत. तिथेही खेडी आहेत, शेतकरी आहेत आणि जत्राही आहेत, बरं का! पिकं निघाल्यावर जिल्ह्याजिल्ह्यांत मोठा मेळा भरतो. गाई-डुकरांची प्रदर्शनं, भोपळ्यांच्या स्पर्धा, पाळणे, खाऊची दुकानं. या मेळ्याच्या मैदानात घोड्यांच्या शर्यतींसाठी मातीची लांबट गोल वाट केलेली असायची. अंड्याच्या आकाराची म्हणा ना! पुष्कळ ठिकाणी एक फेरी अर्ध्या मैलाची, म्हणजे सुमारे ८०० मीटरची. मोटारी आल्या तशा त्याच वाटेवर मोटारींच्या शर्यती सुरू झाल्या. मैदान तेच, लाकडी कठडे तेच, धूळही तीच, फक्त घोड्याच्या जागी मोटार.

या शर्यतींना खरी गर्दी झाली ती १९४५ साली दुसरं महायुद्ध संपल्यावर. सैन्यातून हजारो तरुण घरी परतले. त्यांतले कितीतरी जण विमानं, ट्रक, रणगाडे दुरुस्त करायला शिकून आले होते. त्याच वेळी लोक नव्या मोटारी घेऊ लागले आणि १९३०च्या काळातल्या जुन्या गाड्या भंगाराच्या वखारीत जाऊन पडल्या. हात शिकलेले आणि लोखंड स्वस्त! मग काय, गॅरेजवाला, शेतकरी, दूधवाला, जो तो रात्री कंदील लावून गाडी बांधायला बसला.

त्यांची आवडती गाडी म्हणजे जुनी फोर्ड. फोर्ड कंपनीने १९३२ साली एक नवल केलं होतं. आठ सिलिंडरचं इंजिन तोवर महागड्या गाड्यांत असे, ते त्यांनी साध्या माणसाला परवडेल अशा गाडीत बसवलं. सुरुवातीला त्याची ताकद होती ६५ अश्वशक्ती. आज हा आकडा लहान वाटेल, पण त्या काळी स्वस्तातल्या गाडीत इतका जोर दुसरीकडे मिळत नव्हता. शिवाय ते इंजिन उघडायला, समजायला सोपं होतं. त्यामुळे शिकाऊ हातांनाही ते आपलंसं वाटे.

काय काढायचं आणि काय घालायचं?

या गाड्यांना 'मॉडिफाइड' म्हणत. मॉडिफाइड म्हणजे फेरफार केलेली. पहिला फेरफार कुठला? वजन कमी करणं. मडगार्ड काढ, काचा काढ, मागची सीट काढ, पुढचे दिवे काढ. जे पळायला मदत करत नाही ते सगळं गॅरेजच्या कोपऱ्यात!

पण थांबा. काढायला कुणालाही येतं. बांधणाऱ्याचं कसब दिसतं ते पुढच्या कामात. एवढं वजन कमी करून झाल्यावर ही माणसं गाडीत पुन्हा वजन घालत. जाड लोखंडी नळ्या वाकवून, जोडून गाडीवानाच्या डोक्याभोवती पिंजरा करत, म्हणजे गाडी उलटली तरी टप माणसावर दबू नये. दारं घट्ट बंद करून टाकत. युद्धानंतर मोडीत निघालेल्या विमानांचे पट्टे आणून सीटला लावत. नळ्यांचं वजन गाडीला जड पडे, हे त्यांना कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. तरी ते नळ्या घालत.

मुलांनो, या लेखातलं मला सगळ्यात आवडणारं वाक्य आता लिहिते. जमलं तर वहीच्या शेवटच्या पानावर उतरून घ्या. चांगला कारागीर काय काढायचं हे जाणतो, पण काय काढायचं नाही हे त्याहून जास्त जाणतो.

पेल्याचा प्रयोग

आता खळ्यावरचं गणित बाहेर काढा. या गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने पळायच्या, म्हणजे सगळी वळणं डावीकडे. मग उजव्या बाजूची चाकं खळ्यावरच्या बाहेरच्या बैलासारखी झाली ना? त्यांना जास्त अंतर जायचं!

यावर उपाय काय? घरातून एक निमुळता स्टीलचा पेला आणा, तळाशी अरुंद आणि तोंडाशी रुंद. फरशीवर आडवा ठेवून हळूच ढकला. सरळ जातो का? नाही! तो गोल फिरतो आणि अरुंद बाजू आत राहते. म्हणजे एका बाजूचा घेर मोठा असला की वस्तू आपोआप वळते. गाडी बांधणाऱ्यांनी नेमकं हेच केलं. उजवीकडे मागे थोडं मोठं टायर, डावीकडे थोडं लहान. गाडी वळणाला लागली की स्वतःच डावीकडे ओढ घेई.

दुसरी युक्ती वजनाची. एसटी जोरात डावीकडे वळली की तुम्ही उजव्या बाजूच्या माणसावर जाऊन आदळता. गाडीचा भारही तसाच उजव्या चाकांवर जातो आणि डावी चाकं हलकी पडतात. म्हणून बॅटरी, इंजिन, गाडीवान, जे जे हलवता येईल ते डाव्या अंगाला सरकवायचं. वळणावर मग चारही चाकं कामाला लागतात.

हे ऐकून तुमचे आजोबा हसतील. त्यांना यात नवल नाही. बैलगाडीत ऊस भरताना भार पुढे जास्त झाला तर गाडी धुरेवर जड होते, बैलांच्या माना दाबल्या जातात. मागे जास्त झाला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलतं. भार कुठे ठेवायचा हे कळलं तर निम्मं काम झालं. अमेरिकेतला मेकॅनिक आणि इंदापूर तालुक्यातला गाडीवान एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांनी धडा एकच गिरवला.

दोन 'रेड' आणि एक नारिंगी गाडी

१५ फेब्रुवारी १९४८ या दिवशी अमेरिकेत डेटोना बीच इथे एक शर्यत झाली. वाट मजेशीर होती. जाताना समुद्रकाठची वाळू, येताना डांबरी रस्ता, दोन्ही टोकांना वळणं. 'नॅस्कार' नावाची तिथली मोठी शर्यत-संस्था तेव्हा नुकती जन्माला येत होती आणि ही तिची पहिली शर्यत. धावल्या त्या सगळ्या फेरफार केलेल्या गाड्या.

जिंकला तो रेड बायरन. युद्धात बॉम्बफेकी विमानावर असताना त्याच्या डाव्या पायाला जबर जखम झाली होती. क्लच दाबायचा तो डावा पाय! मग त्याचा पाय क्लचवर नीट बसेल अशी खास सोय गाडीत केलेली होती. बघा हं, माणूस गाडीत बसेना तर गाडी माणसाला बसेल अशी केली.

आणि ती गाडी बांधली कुणी? अटलांटा शहरातल्या एका मेकॅनिकने. त्याचंही नाव रेडच, रेड व्होग्ट. संस्थेला 'नॅस्कार' हे नाव सुचवणाराही तोच. त्याच वर्षी बायरन त्या गटाचा विजेता झाला. शर्यतींच्या इतिहासात त्याचं नाव ठळक अक्षरात येतं. व्होग्टचं नाव शोधावं लागतं.

दुसरी गोष्ट रिची इव्हान्सची. शेतकऱ्याचा मुलगा. न्यूयॉर्क राज्यातल्या रोम नावाच्या गावचा. लहान वयातच शेत सोडून गॅरेजात कामाला लागला. त्याच्या गाडीचा रंग नारिंगी आणि नंबर ६१. तो गाडी चालवायचा आणि आपल्याच गॅरेजात साथीदारांबरोबर बांधायचाही. मॉडिफाइड गाड्यांचं राष्ट्रीय विजेतेपद त्याने किती वेळा मिळवलं असेल? नऊ वेळा! त्यांतली आठ १९७८ ते १९८५ अशी ओळीने.

आणि १९८५ च्याच ऑक्टोबरमध्ये मार्टिन्सव्हिल इथे सराव करताना त्याची गाडी भिंतीवर आदळली आणि तो गेला. संस्थेने त्या गटात ६१ नंबर पुन्हा कुणाला दिला नाही.

हे वाचून वाईट वाटलं ना? पण इथेच थांबू नका, कारण गाडी बांधणारेही थांबले नाहीत. त्या काळात असे आणखीही काही जीवघेणे अपघात झाले. मग प्रश्न पडला, सांगाडा तर भक्कम होता, मग माणूस का वाचला नाही? उत्तर असं की सांगाडा फार कडक होता. आदळल्यावर लोखंड दुमडलं नाही आणि सगळा दणका आतल्या माणसाला बसला. आंब्याची पेटी आठवा. लाकडी पेटी मजबूत असते, पण आंबे वाचतात ते आतल्या पेंढ्यामुळे, कारण पेंढा दबतो. त्या अपघातांनंतर सांगाड्याचे काही भाग मुद्दाम दुमडतील असे करू लागले. आज तुमच्या-आमच्या मोटारींच्या पुढच्या भागातही हेच तत्त्व असतं.

शेजारच्या गावाचं नाव आणि एक फियाट

"बाई, हे सगळं तिकडचं झालं. आपल्याकडे काय?" असं तुम्ही विचारणारच. तर शेजारीच बघा. वालचंदनगर! ज्यांच्या नावाने ते गाव वसलं ते वालचंद हिराचंद, जन्म सोलापूरचा, साल १८८२. साखर कारखाना काढणाऱ्या या उद्योजकाने १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही मोटार कंपनीही उभी केली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. याच कारखान्यातून १९५४ पासून फियाट ११०० ही गाडी निघू लागली, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. २००० सालाच्या सुमारास तिचं उत्पादन थांबलं आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली.

या साध्या, घरगुती फियाटने शर्यतीही गाजवल्या, हे किती जणांना माहीत आहे? चेन्नईजवळ शोलावरम इथे दुसऱ्या महायुद्धातली एक धावपट्टी पडून होती. तिथे मोटारींच्या शर्यती भरत. आपल्याकडे तेव्हा शर्यतीची नवी गाडी बाहेरून आणणं कुणाला परवडणार? मग हाताशी जे होतं ते घेतलं. फियाटची मागची सीट निघाली, बंपर निघाले. इंजिनाचं हेड घासून आतला दाब वाढवला, कार्बोरेटर बदलला. आणि १०८९ सीसीचं ते शांत इंजिन गुरगुरायला लागलं. म्हणजे अमेरिकेत जुनी फोर्ड, तशी आपल्याकडे फियाट!

कोइमतूरच्या एस. करिवर्धन यांनी याच्याही पुढची उडी घेतली. १९८० नंतरच्या दशकाच्या शेवटी त्यांनी मारुती ८०० चं लहानसं इंजिन घेऊन एका माणसाची, उघड्या चाकांची शर्यतीची गाडी बांधली. नाव 'फॉर्म्युला मारुती'. हेतू एकच, कमी पैशांत भारतातल्या मुलांना शर्यत शिकता यावी. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. पण त्यांच्या त्या लहान गाडीतून सुरुवात केलेला नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. कार्तिकेयनचं नाव तुमच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकात असेल. करिवर्धन यांचं आहे का, बघा बरं!

आणि अगदी अलीकडची, आपल्या मराठी मातीतली गोष्ट. सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस पुरवायला भंगारातले सुटे भाग जोडून चारचाकी बांधली. ती सुरू कशी होते माहीत आहे? मोटारसायकलसारखी किक मारून! २०२१ च्या डिसेंबरमध्ये ही गाडी सगळ्या देशाने पाहिली. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी त्यांच्या हुशारीचं कौतुक केलं आणि ही गाडी नियमांत बसत नाही हेही स्पष्ट सांगितलं. त्यांनी देऊ केलेली नवी बोलेरो लोहार कुटुंबाला जानेवारी २०२२ मध्ये मिळाली. कौतुकही खरं आणि नियमही खरा. दोन्ही एकत्र लक्षात ठेवायचे.

छकडा कोण बांधतो?

आता अगदी गावात येऊ. शर्यतीचा छकडा तुम्ही पाहिला असेल. आपल्याकडे मोकळ्या रानात सरळ धावपट्टीवर छकडे पळतात. जुन्नर, आंबेगाव, खेडकडे घाटाच्या चढावर गाडा पळतो, पुढे घोडी असते आणि सेकंद मोजतात. गाडीच्या नावाने हाळ्या होतात, बैलांच्या नावाने गुलाल उधळतो. पण छकडा बांधतो कोण?

साध्या बैलगाडीकडे बघा, मग छकड्याकडे बघा. साट्याच्या फळ्या गेल्या, बाजूच्या उभ्या दांड्या गेल्या. उरला फक्त हलका सांगाडा, दोन चाकं आणि गाडीवानाला टेकायपुरती जागा. म्हणजे आपला छकडा ही 'मॉडिफाइड' गाडीच की!

आणि ज्या हातांनी जुन्या गाडीचं लाकडी चाक केलं त्यांचं शास्त्र ऐका. मधे तुंबा, त्यातून निघालेले आरे, बाहेर गोलाईच्या पाट्या आणि त्यावर लोखंडी पट्टी, तिला म्हणतात धाव. ही धाव चाकापेक्षा किंचित लहान करतात. हो, लहान! मग ती बसते कशी? गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवतात. तापली की लोखंड पसरतं. सांडशीने उचलून दोघं-तिघं ती चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. फस्स! धाव आकसते आणि सगळे आरे-पाट्या आवळून घेते. खिळा नाही, गोंद नाही. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात हे तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचता. लोहारकाका ते वाचून नाही, तापलेली धाव हाताळून शिकले.

हे मी एवढ्या तळमळीने का सांगते? ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. बैलांना होणारा त्रास हे कारण होतं आणि ते कारण लहान नव्हतं. २०१७ साली राज्याने कायद्यात बदल केला, १६ डिसेंबर २०२१ ला न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने तो कायदा योग्य ठरवला. म्हणजे साडेसात वर्षं धावपट्ट्या कायद्याने बंद होत्या. साडेसात वर्षांत पहिलीतलं पोर आठवीत जातं. आणि सत्तरीतला कारागीर? त्याचे हात थरथरायला लागतात, त्याला कमी दिसायला लागतं. शर्यत पुन्हा सुरू करता येते. हातातून गेलेलं कसब मात्र न्यायालयाच्या निकालाने परत येत नाही.

अटी कसल्या, तर बैलाला मारायचं नाही, टोचायचं नाही, चाबूक वापरायचा नाही. नळ्यांचा पिंजरा आठवला ना? गाडीवान आपल्या मर्जीने गाडीत बसतो. बैलाला कुणी मर्जी विचारत नाही. म्हणून त्याच्या वतीने माणसाने नियम पाळायचा. शर्यतीतून सगळं काढा, दया काढू नका.

मोठ्या मुलांशी थोडं स्पष्ट

आठवी-नववीतल्या दादांनो, तुम्हीही ऐका. बारामती-इंदापूर रस्त्यावर पुंगळी काढलेल्या मोटारसायकली धडधडत जातात. आरसे काढलेले, हेल्मेट घरी. याला गाडी बांधणं म्हणत नाहीत. इथे काढलंय सगळं आणि घातलं काहीच नाही. रेड व्होग्टसारख्या माणसाने ही गाडी पाहिली तर पहिल्यांदा विचारलं असतं, "पोरा, तू पडलास तर तुला वाचवणारं यात काय आहे?" शर्यत मैदानात असते. रस्त्यावर ऊस भरलेला ट्रॅक्टर असतो, शाळेतून येणारी तुमची बहीण असते.

आईबाबांसाठी दोन शब्द

आपल्या घरात एखादं मूल असतं. गणिताच्या तासाला ते खिडकीबाहेर बघतं, पण घरचा बंद पडलेला रेडिओ किंवा पंखा उघडून बसतं. आपण ओरडतो, "अभ्यास सोडून काय उद्योग चाललाय?" पुढच्या वेळी ओरडण्याआधी एवढंच विचारा, "यात काय बिघडलंय असं तुला वाटतं?" विजेचं बटण बंद करायला लावा आणि मग त्याच्या शेजारी बसा. त्याला अभ्यासही हवा, यात शंका नाही. शिक्षिका म्हणून तेच सांगेन. पण त्याला सूत्र समजावायचं असेल तर पेला, चाक, खळं यांच्यावरून समजावा. हाताने कळलेलं डोक्यातून सहसा जात नाही. आणि पंखा पुन्हा जोडायला मात्र लावाच, कारण अर्धा धडा उघडण्यात असतो, अर्धा जोडण्यात!

या आठवड्याचं काम

गावातल्या एका कारागिराकडे जा. सुतारकाका, लोहारकाका, वेल्डिंगवाले दादा, जुने मिस्त्री, कुणीही चालेल. हात जोडून नमस्कार करा, त्यांच्या कामाची वेळ सांभाळा आणि हे पाच प्रश्न विचारा.

१. तुम्ही हे काम कुणाकडून शिकलात?
२. तुम्ही बांधलेली सगळ्यात आवडती वस्तू कोणती आणि ती आता कुठे आहे?
३. या कामातलं एखादं हत्यार आता मिळत नाही, असं आहे का?
४. काय केलं की वस्तू बिघडते?
५. वजन किंवा खर्च वाचवायला तुम्ही कधीच काय काढत नाही?

उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. 'धाव', 'तुंबा', 'उलाळ' असे शब्द आले तर बदलू नका, तसेच ठेवा. घरात मोबाईल असेल तर त्यांना विचारून आवाजही साठवून ठेवा. आणि वहीच्या वर, अगदी मोठ्या अक्षरात, त्या कारागिराचं नाव लिहा. ढालीवर लिहितात ना, तसं.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर मला नक्की कळवा. मी वाट पाहते.

तुमची,
बाई